वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी किती दिवस आणि कसली मदत लागते?

प्रश्न

माझे वय ४३ आहे आणि पाच आठवड्यांनी माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया ठरली आहे. दुर्बिणीतून जठराचा जवळजवळ ८० टक्के भाग काढून टाकतात आणि उरलेल्या भागाची एक अरुंद नळी राहते, ती ही शस्त्रक्रिया. ती करावी की नाही याचा विचार मी पुष्कळ महिने केला. मधुमेह, झोपेत श्वास अडकणे आणि झिजत चाललेले गुडघे या तिन्हींमुळे डॉक्टरांचे आणि माझे आता एकमत आहे, त्यामुळे त्याबद्दल मी काही विचारत नाही. माझी अडचण वेगळी आहे.

माझी आई ७२ वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला आणि तेव्हापासून तिची उजवी बाजू लुळी आहे. आधार दिला तर ती उभी राहते, चार पावलेही टाकते. पण तिला पलंगावरून उठवणे, शौचाला नेणे, अंघोळ घालणे आणि रात्री एकदा कूस बदलून देणे हे सगळे मी करते. तिचे वजन ५८ किलो आहे. घरात आम्ही दोघीच राहतो. धाकटी बहीण परगावी असते, तिची नोकरी आहे आणि ती फार तर पाच दिवस येऊ शकेल.

रुग्णालयाने भरायला दिलेल्या अर्जात ‘घरी मदतीला कोण आहे’ असा एक रकाना आहे. तिथे मी बहिणीचे नाव लिहिले. त्याच्या शेजारी ‘किती दिवस’ असा दुसरा रकाना आहे आणि तो अजून कोराच आहे. सर्जन म्हणाले की दोन-तीन दिवसांत घरी जाल आणि हिंडू-फिरू लागाल. ते खरे असेलही, पण हिंडणे-फिरणे आणि आईला उचलणे यांत फार अंतर आहे.

घरी चोवीस तास कोणी असायला हवे ते नेमके किती दिवस? आईला मी पुन्हा कधी हात लावू शकेन? बहिणीचे पाच दिवस पुरतील का? आणि शेवटचे, जे लिहायला मला जड जाते आहे: मदत मागायची कशी? लोकांच्या मनात वजन ही ज्याची त्याची चूक असते. त्या चुकीसाठी कोणाला घरचे काम सोडून माझ्याकडे या म्हणायचे, या विचारानेच माझी जीभ अडते.

उत्तर १

ताई, माझी हीच शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झाली, म्हणून आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर देते. माझ्या अनुभवावरून सांगायचे तर घरी आल्यानंतरचे पहिले तीन-चार दिवस आणि रात्री घरात तुमच्यासाठी एक मोठे माणूस असलेच पाहिजे, पहिले दोन आठवडे कोणीतरी रोज येऊन-जाऊन असले पाहिजे आणि जड कामांसाठी पुढचे चार ते सहा आठवडे दुसऱ्या कोणाचे तरी हात हवेत. बहिणीचे पाच दिवस यातल्या फक्त पहिल्या भागाला पुरतात.

मला वाटले होते की मदत म्हणजे हाताला धरून उठवणे आणि पाणी आणून देणे. त्यातले उठवण्याचे काम फार थोडे निघाले. कुशीवर वळायचे, पाय पलंगाखाली सोडायचे आणि कोपरावर भार देऊन वर यायचे, हे एकदा जमले की तिसऱ्या दिवसापासून मी आपली आपण उठत होते. शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात भरलेल्या वायूमुळे खांदे दुखतात, तेही चालत राहिले की काही दिवसांत कमी होते. खरी मदत लागली ती पाण्याचा हिशेब ठेवायला.

हे जरा सविस्तर सांगते, कारण मला कोणी आधी सांगितले नव्हते. जठर सुजलेले असते, त्यामुळे एका वेळी एक-दोन घोटांपेक्षा जास्त जात नाही, आणि दिवसाचे तर दीड लिटरच्या आसपास पोटात जायला हवे असते. औषधाच्या बाटलीबरोबर येते ती ३० मिलिलिटरची लहान पेली आम्ही वापरत होतो. दीड लिटर म्हणजे तशा ५० पेल्या. प्रत्येक पेली सावकाश, पाच-दहा मिनिटे घेऊन संपवायची आणि मग लगेच पुढची भरायची, की झाला दिवस. माझी वहिनी पलंगाजवळच्या कागदावर दर पेलीला एक रेघ मारायची आणि पाचवी रेघ आडवी काढून जुडी बांधायची.

सहाव्या दिवशी मला जरा बरे वाटत होते, म्हणून मी दुपारी निर्धास्त झोपले. चार वाजता वहिनीने कागद पाहिला तर त्यावर १४ रेघा होत्या, म्हणजे सकाळपासून ४२० मिलिलिटर. ती मला उठवायला आली, मी उभी राहिले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तिने पायाने खुर्ची पुढे ओढली म्हणून मी जमिनीवर न पडता खुर्चीत बसले. रुग्णालयात फोन केल्यावर कळले की रक्तदाबाच्या माझ्या जुन्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते आणि ते मी तसेच घेत राहिले होते. त्या संध्याकाळी मला सलाइन लावावे लागले. शरीरातले पाणी कमी होणे हे या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा रुग्णालयात यावे लागण्याचे एक नेहमीचे कारण आहे, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले. मला तहान लागतच नव्हती. एकटी असते तर आपल्याला काही होते आहे हे मला कळलेही नसते, आणि म्हणूनच मी म्हणते की मदतीला येणाऱ्या माणसाचे पहिले काम लक्ष ठेवणे हे आहे.

अजून एक गोष्ट, जी कोणी बोलत नाही. शौचानंतर स्वच्छता करताना कमरेतून वळावे लागते आणि पहिल्या आठवड्यात तेच सर्वांत अवघड जाते. लांब दांड्याचे साधन मिळते; ते आधी आणून ठेवा आणि शस्त्रक्रियेपूर्वीच वापरून पाहा, म्हणजे त्यासाठी कोणाची मदत लागणार नाही. तसेच रोजच्या वापरातली भांडी, कपडे आणि औषधे कमरेच्या वर आणि खांद्याच्या खाली येतील अशी लावून घ्या, म्हणजे वाकावेही लागत नाही आणि हात उंचवावा लागत नाही.

उत्तर २

मी परिचारिका आहे आणि अशा शस्त्रक्रियांच्या विभागात अनेक वर्षे काम केले आहे. तुमचा प्रश्न वाचल्यावर मला तुमच्यापेक्षा तुमच्या आईची हालचाल आधी मार्गी लावावीशी वाटते, कारण तुमच्या घरातला खरा धोका तिथे आहे.

पोटावरच्या छिद्रांची कातडी दोन आठवड्यांत भरून येते आणि बाहेरून सगळे बरे झालेले दिसते. आतला स्नायूंवरचा मजबूत पडदा मात्र त्याहून पुष्कळ सावकाश भरतो. काढलेला जठराचा भाग ज्या छिद्रातून बाहेर घेतात ते इतरांपेक्षा मोठे असते आणि जड वजन उचलताना पोटात दाब वाढला की तिथे हर्निया होऊ शकतो. म्हणून बहुतेक सर्जन चार ते सहा आठवडे पाच-सात किलोंपेक्षा जास्त काही उचलू देत नाहीत. तुमचा नेमका आकडा तुमच्या सर्जनकडून लिहून घ्या आणि तो घेताना ‘मी ५८ किलोंच्या माणसाला उठवते’ हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. नुसते ‘घरकाम करते’ म्हटले तर त्यांच्या डोळ्यांपुढे केर काढणे येईल.

आता तुम्ही म्हणाल की आई आधार दिल्यावर स्वतः उभी राहते, म्हणजे मला तिचे सगळे वजन थोडेच घ्यावे लागते. रोजच्या दिवशी हे खरे असेल. परंतु ज्या दिवशी तिचा पाय सरकेल त्या दिवशी तुम्ही विचार न करता तिला सावरायला धावाल, आणि कोणतीही मुलगी तेच करेल. त्या क्षणी नियम आठवत नाही. म्हणून ‘मी हात लावणार नाही’ एवढे ठरवून भागणार नाही. आई उठेल त्या प्रत्येक वेळी तिच्याजवळ दुसरे माणूस असेल अशीच व्यवस्था सहा आठवडे हवी.

त्यासाठी माझी सूचना अशी की आईसाठी पगारी मदतनीस ठेवणार असाल तर तिला तुमच्या शस्त्रक्रियेच्या दिवसापासून बोलावू नका, त्याआधी दोन-तीन आठवडे बोलवा. अर्धांग झालेल्या माणसाला कोणत्या बाजूने धरायचे, कमरेचा पट्टा कसा बांधायचा, खुर्ची कोणत्या बाजूला लावायची हे तुमच्या हाताला तीन वर्षांत ठाऊक झाले आहे. नव्या माणसाला ते तुमच्या देखत शिकावे लागेल आणि आईलाही त्या परक्या हाताची सवय व्हावी लागेल. शेवटचा आठवडा तुम्ही खोलीत राहा, पण हात मागे बांधून उभ्या राहा. शिवाय शस्त्रक्रियेच्या आधीचे साधारण दोन आठवडे यकृत आकसावे म्हणून बहुधा तुम्हाला फार कमी उष्मांकांचा आहार देतील. त्या दिवसांत अशक्तपणा जाणवतो, त्यामुळे तेव्हाच हात हलके झालेले बरे. फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलावून मदतनिसाला शिकवता आले तर उत्तमच. शौचासाठी चाकांची कमोड खुर्ची पलंगाला लावून ठेवली तर दिवसातल्या निम्म्या फेऱ्या वाचतात.

मदतनीस मिळाली नाही तर आईला काही आठवडे शुश्रूषा केंद्रात ठेवणे हाही मार्ग आहे. तो घ्यायला मन तयार होत नाही हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. पण तसे करायचे असेल तर आईला तुम्ही रुग्णालयात जाण्याच्या काही दिवस आधी तिथे न्या, म्हणजे तिची घडी बसलेली तुम्ही स्वतः पाहाल आणि निश्चिंत मनाने जाल.

रात्रीची बाब वेगळी सांगते. आईच्या खोलीत झोपू नका. तिने हाक मारली की तुम्ही उठणारच, म्हणून घंटा मदतनिसाच्या उशाशी ठेवा आणि स्वतः दुसऱ्या खोलीत, डोक्याकडची बाजू उंच करून झोपा. झोपेत श्वास अडकतो म्हणता, तर श्वासाचे यंत्र असेल ते पहिल्या रात्रीपासून लावायचे आहे. वजन थोडे उतरले म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नका.

तुमच्याजवळ जी व्यक्ती राहील तिला नाडी मोजता आली पाहिजे. शांत बसलेले असताना नाडी मिनिटाला १२० च्या वर राहत असेल, ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला असेल, पोटातले दुखणे कमी होण्याऐवजी वाढत असेल, डाव्या खांद्यात नव्याने दुखू लागले असेल किंवा अस्वस्थ वाटून धाप लागत असेल, तर जठराच्या शिवणीतून गळती सुरू झाल्याची शक्यता असते. ती बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत होते. नुसती वाढलेली नाडी हीसुद्धा दुर्लक्ष करण्याजोगी खूण नाही. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे किंवा एकाएकी श्वास लागणे ही रक्ताची गुठळी झाल्याची खूण असू शकते. काळी शौच, उलटीत रक्त, किंवा काही तास पाण्याचा घोटही पोटात न टिकणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात फोन करायचा. हा मजकूर मोठ्या अक्षरांत लिहून खाली फोन क्रमांक घालून भिंतीवर लावा. बहीण आणि मदतनीस या दोघींनी तो वाचलेला असला पाहिजे.

गुठळी होऊ नये म्हणून जागेपणी दर तासा-दोन तासांनी घरातल्या घरात चालायचे असते आणि बऱ्याच रुग्णांना दोन ते चार आठवडे रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने घरीही घ्यावी लागतात. ती भरलेल्या सिरिंजमध्ये येतात. पोटाची कातडी चिमटीत धरून, बेंबीपासून आणि टाक्यांपासून दूर, एक दिवस डावीकडे आणि एक दिवस उजवीकडे अशी ती द्यायची आणि नंतर जागा चोळायची नाही. रुग्णालयातून निघण्यापूर्वी बहिणीने एकदा परिचारिकेसमोर ते देऊन पाहावे.

शेवटची गोष्ट तुमच्या घरापुरती आहे. तुमच्याकडे दोन रुग्णांची औषधे एका छताखाली असणार. त्यांचे डबे वेगळ्या रंगांचे आणि वेगळ्या खोल्यांत ठेवा. आईच्या डब्यात आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी असेल तर ती तुमच्या हाताला लागू नये, कारण त्या जातीच्या गोळ्यांनी जठरात व्रण होऊ शकतो. तुम्हाला दुखण्यासाठी काय चालेल ते सर्जन लिहून देतील. तुमच्या मधुमेहाच्या औषधांचे प्रमाणही पहिल्या दिवसापासून नव्याने ठरवून घ्यावे लागते, कारण खाणे एकदम घटल्यावर जुन्या मात्रेने साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. म्हणून साखर मोजून लिहून ठेवण्याचे काम तुमच्याजवळच्या माणसाच्या यादीत घाला.

उत्तर ३

मी दुसऱ्या बाजूचा आहे, म्हणजे शस्त्रक्रिया माझ्या पत्नीची झाली, तीही बायपासची (वजन कमी करण्याचीच, पण तिच्यात जठराची लहान पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात), आणि घरी तिच्याजवळ मी होतो. वर बहुतेक सगळे आलेच आहे. मी फक्त माझ्या हातून झालेल्या दोन चुका सांगतो, कारण तुमची बहीणही त्या प्रेमापोटी करील.

पहिली चूक म्हणजे आग्रह. वाटलेले अन्न सुरू झाले त्या आठवड्यात ती दोन चमचे खाऊन थांबली आणि मी म्हणालो, आणखी एकच घे. तिने माझ्यासाठी घेतला आणि पुढचा अर्धा तास ती मोरीपाशी बसून ओकाऱ्या काढत होती. बायपासमध्ये जठराची जी पिशवी उरते तिच्यात सुरुवातीला ३० मिलिलिटरच्या आसपासच मावते. तिथे एक चमचा म्हणजे थोडे नव्हे, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आले. त्यानंतर मी ताटलीकडे पाहणे सोडून दिले आणि प्रथिनांचा दिवसाचा आकडा, जो आम्हाला ६० ग्रॅमच्या पुढे सांगितला होता, तेवढाच लिहून ठेवू लागलो.

दुसरी चूक अशी की दहाव्या दिवशी ती अचानक रडू लागली तेव्हा मला वाटले की तिला शस्त्रक्रियेचा पश्चात्ताप होतो आहे, आणि मी तिला समजावू लागलो. तिला समजावणे नको होते. पोटात काही नाही, झोप नीट नाही, आणि दमून घरी आल्यावर ज्या खाण्याने इतकी वर्षे मन शांत व्हायचे तेही आता हाताशी नाही, अशा अवस्थेत माणूस रडतो. दोन दिवस मी नुसता जवळ बसलो आणि ते निवळले. तुमचे तसे झाले आणि आठवडा-दोन आठवड्यांत निवळले नाही, तर मात्र डॉक्टरांना सांगा. तेही या शस्त्रक्रियेच्या उपचाराचाच भाग आहे.

मदत कशी मागायची याबद्दल माझा अनुभव असा की ‘काही लागले तर सांगा’ म्हणणाऱ्यांना आपण काहीच सांगत नाही आणि त्यांनाही काय करावे ते कळत नाही. मी दोन आठवड्यांची कामे एका कागदावर मांडली आणि प्रत्येकाला एकच नेमके काम सांगितले: बुधवारी संध्याकाळी टाके दाखवायला गाडीने नेणे, शनिवारी दुपारी तीन तास घरी थांबणे, औषधांच्या दुकानात एक फेरी. कोणीही नाही म्हटले नाही. शनिवारच्या त्या तीन तासांत मी झोपलो, आणि ती झोप मला फार आवश्यक होती. तुमच्या बहिणीलाही पाच दिवसांत असे काही तास कोणीतरी दिले पाहिजेत.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपण तिघांनी इतक्या मनापासून आणि सविस्तर लिहिले, त्याबद्दल मी खरोखर ऋणी आहे. परिचारिका ताईंनी आईचा पाय सरकण्याबद्दल लिहिले ते वाचून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले, कारण मागच्या पावसाळ्यात ते घडून गेले आहे आणि मी तिला कसे झेलले ते मला आजही आठवत नाही.

एकच विचारायचे राहते. शेजारच्या काकू दुपारी येऊन बसायला तयार होतील, पण त्यांना आणि कार्यालयातल्या लोकांना ‘पित्ताशयाचे ऑपरेशन आहे’ असे सांगितले तर चालेल का? तीही दुर्बिणीतूनच होते आणि टाकेही तसेच दिसतात. खरे सांगायचे मला धैर्य होत नाही.

उत्तर ४

मी नेमके हेच केले होते, म्हणून लिहिते. कार्यालयात काय सांगायचे हा सर्वस्वी तुमचा अधिकार आहे. ‘पोटाची शस्त्रक्रिया आहे, सहा आठवडे वजन उचलायचे नाही’ एवढे खरे आहे आणि तेवढे पुरे आहे. पण जी व्यक्ती तुमच्याजवळ एकटी बसणार आहे तिला खोटे सांगू नका.

मी मैत्रिणीला पित्ताशय सांगितले होते. त्यामुळे तिने पाचव्या दिवशी मला नेहमीचे जेवण वाढले, आणि ते का चालणार नाही हे सांगताना मला दुसरे खोटे रचावे लागले. ते निभावले. तिसऱ्या आठवड्यात मात्र मला सारख्या उलट्या होऊ लागल्या आणि तिनेच मला जवळच्या दुसऱ्या रुग्णालयात नेले. तिथे तिने भाबडेपणाने ‘पित्ताशय काढले आहे’ असे सांगितले. मी शुद्धीवर होते म्हणून मी दुरुस्ती केली. अशा शस्त्रक्रियेनंतर नाकातून जठरात नळी घालायची तर ती अंदाजाने घालून चालत नाही, शिवणीला इजा होऊ शकते. आणि उलट्या बरेच दिवस चालल्या असतील तर थायमिन हे जीवनसत्त्व वेळेत द्यावे लागते, नाहीतर मेंदूला आणि नसांना कायमची इजा होऊ शकते. समोरच्या डॉक्टरांना खरी शस्त्रक्रिया माहीत नसेल तर त्यांनी याचा विचार तरी कसा करावा? तेव्हापासून माझ्या पाकिटात शस्त्रक्रियेचे नाव, तारीख आणि सर्जनचा क्रमांक लिहिलेला कागद असतो.

राहिला ‘वजन ही ज्याची त्याची चूक’ हा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटना लठ्ठपणाला दीर्घकालीन आजार मानते. भूक लावणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक बहुतांशी जठराच्या वरच्या भागात तयार होते, आणि स्लीव्हमध्ये काढून टाकतात तो मुख्यतः तोच भाग. शस्त्रक्रियेनंतर मला आयुष्यात पहिल्यांदा भूक न लागलेली सकाळ कशी असते ते कळले. इतकी वर्षे मी ज्याला माझा दुबळेपणा समजत होते त्यात माझ्या शरीराचा केवढा वाटा होता, हे त्या सकाळी समजल्यावर मी मैत्रिणीला बोलावून सगळे खरे सांगितले. ती रागावली, पण ती मी आधी सांगितले नाही म्हणून.

तुम्ही तीन वर्षे आईला उचलत आहात, ताई. काकूंनी ते रोज पाहिले आहे. त्यांना तुम्ही काय सांगायचे ते तुम्ही ठरवाल, पण त्या तुमच्याबद्दल काय विचार करतील याची मला तरी भीती वाटत नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

बारा दिवसांनी लिहिते आहे. आईसाठी मदतनीस मिळाली आहे आणि ती परवापासून दिवसभर येते; रात्रीसाठी दुसरी एक जण महिनाअखेरीपासून येईल. पहिल्या दिवशी आईने तिला हात लावू दिला नाही आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी खोलीच्या दाराशी उभी होते आणि पुढे गेले नाही. काल दुपारी आई मदतनिसाच्या हाताने खुर्चीत बसली. बहिणीने आपले पाच दिवस माझ्या डिस्चार्जच्या दिवसापासून धरले आहेत, आणि सर्जनने सहा आठवड्यांचा नियम कागदावर लिहून दिला आहे.

काकूंना मी काल सगळे सांगितले, शस्त्रक्रियेचे नावसुद्धा. त्यांनी कोणते वार हवेत एवढेच विचारले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून गेल्या. अर्जातल्या कोऱ्या रकान्यात ‘सहा आठवडे’ असे लिहून तो मी आज दिला.

पाण्याच्या रेघांचे काम आईने मागून घेतले आहे. तिचा डावा हात चांगला चालतो आणि ती दिवसभर माझ्या समोरच्या खुर्चीत बसणार आहे. काल संध्याकाळी आम्ही सराव केला. मी औषधाच्या पेलीने पाणी पीत होते आणि ती मांडीवर पाटी घेऊन कागदावर रेघा ओढत होती. पाचवी आडवी रेघ तिच्याकडून जरा वाकडी आली, म्हणून तिने ती पुसून पुन्हा काढली.